जुन्या फियाटचे अंतरंग उतरवून घेताना: कुर्ल्यातील एका सेवेचे परीक्षण

आमच्या घरी १९७८ सालची फियाट आहे. तिच्या कागदपत्रांवर प्रीमियर पद्मिनी असे नाव असले, तरी वडिलांनी तिला कधी पद्मिनी म्हटले नाही, आणि त्यांच्या पश्चात आम्हीही ती सवय बदललेली नाही. गेल्या दोन वर्षांत तिच्या इंजिनाचे, पत्र्याचे आणि रंगाचे काम टप्प्याटप्प्याने पुरे झाले. अडून राहिले ते आतले काम. काचा चढवण्याची हँडले, दरवाजांचे पॅड, छताचे अस्तर ताणून धरणाऱ्या तारा, पुढच्या छोट्या तिकोनी काचांच्या चौकटी, बैठकींचे सांगाडे या वस्तू नव्याने मिळाल्या तरी त्यांची जाडी, वळण आणि ठेवण मूळ वस्तूंशी जुळत नाही. त्यामुळे रस्त्यावर पुन्हा येण्याची शक्यता न उरलेली एखादी गाडी शोधावी आणि तिचे अंतरंग नीट उतरवून घ्यावे, असे मी ठरवले. त्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोड परिसरातील, जुन्या गाड्या तोडणाऱ्या एका दुकानाची सेवा घेतली. पुढे काही तक्रारीही लिहिणार असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. शिवाय जे लिहिले आहे त्यातील बहुतेक भाग अशा कोणत्याही दुकानात जाणाऱ्याच्या उपयोगी पडेल, असे मला वाटते.

इंजिनाचे भाग मिळतात आणि आतले मिळत नाहीत, याचे कारण या गाडीच्या इतिहासात आहे. फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून कुर्ल्यातच, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनू लागली. पुढे तिला प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. नावे बदलली तरी १०८९ सीसीचे इंजिन आणि गाडीची मूळ रचना दीर्घकाळ तीच राहिली, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही याच गाड्या असल्यामुळे क्लच, ब्रेक, कार्ब्युरेटर, सस्पेन्शन यांच्या भागांना अनेक दशके रोजची मागणी होती. अंतरंगाला मात्र तशी मागणी कधीच नव्हती. टॅक्सीवाले आपापल्या आवडीचे रेग्झिन लावत, छताला रंगीत प्लास्टिक मारत आणि दरवाजाचे पॅड फुगले की त्यावर प्लायवुडचा तुकडा ठोकत. मूळ वस्तू जपून ठेवण्याचे त्यांना काही कारण नव्हते. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या. त्या काळात तोडीला आलेल्या टॅक्सींमध्ये मी बराच शोध घेतला, पण एकाही गाडीत मूळ अंतरंग शाबूत नव्हते. माझ्यासारख्या गरजूने खासगी नोंदणीची, शक्यतो एकाच घरात राहिलेली गाडीच शोधावी.

आता या सेवेकडे वळण्यापूर्वी हा धंदा कसा चालतो ते सांगणे आवश्यक आहे, कारण ते न समजता तिथे गेलेल्या गिऱ्हाइकाची निराशा होते. गाडी तोडणाऱ्याचा पैसा मुख्यतः वजनात आणि वेगात असतो. इंजिन, गिअरपेटी, चाके, रेडिएटर, डायनामो आणि बॅटरी हे भाग सुरुवातीला निघतात. त्यांना गिऱ्हाईक तरी मिळते किंवा निदान तांबे, पितळ आणि शिसे यांचा भाव मिळतो. उरलेला सांगाडा गॅस कटरने कापून पोलादाच्या भावाने वजनावर जातो. कटर लावण्यापूर्वी आतील सामान बाहेर काढावेच लागते, कारण रेग्झिन, काथ्या, गोणपाट, जमिनीवरचा नमदा आणि वायरींचे आवरण एका ठिणगीने पेट घेते. आगीच्या धास्तीने चाललेल्या या कामात वस्तू जपण्याचा विचार येतच नाही; पहार घालून पॅड उचकटले जातात, अस्तर हाताने फाडले जाते आणि बैठकींचा ढीग अंगणाच्या कोपऱ्यात पावसात पडतो. काम करणाऱ्यांना यासाठी दोष देणे मला योग्य वाटत नाही. एका दरवाजाचे सामान शाबूत काढायला तासभर लागतो आणि त्या तासाचे त्यांना कोणी काही देत नाही.

म्हणून मी पहिल्याच भेटीत मालकांना सांगितले की सामानाची किंमत वेगळी ठरवू आणि ते उतरवण्याच्या वेळेची मजुरी वेगळी ठरवू, आणि उतरवताना मी स्वतः तिथे हजर राहीन. मालकांनी थोडा विचार करून होकार दिला आणि मला त्यांच्याकडील सर्वांत जुन्या मिस्त्रींच्या स्वाधीन केले. रत्नागिरीकडचे हे वयस्कर गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, गाडी तोडायला अर्धा दिवस लागतो, उतरवायला दोन दिवस. तुम्हाला काय हवे ते आधी सांगा, म्हणजे हातात कुठले हत्यार घ्यायचे ते मला कळेल." या सेवेबद्दल माझे मत एकंदरीत चांगले झाले, त्याचे बरेचसे श्रेय या माणसाला आहे.

गाडी १९८२ सालची, खासगी नोंदणीची, पुढून धडकलेली आणि नंतर कित्येक वर्षे उभी राहिलेली होती. व्यवहारापूर्वी मी नोंदणी रद्द झाल्याचे पत्र मागितले, आणि दुकानाने त्याची प्रत काढून दिली, ही त्यांच्या बाजूची मोठी जमेची गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमानुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणीपुस्तक परत करायचे असते. ते न करता तोडलेल्या गाडीचे सामान आपण घरी आणले आणि पुढे ती गाडी चोरीची निघाली, तर होणारा मनस्ताप कोणत्याही हँडलाच्या किमतीपेक्षा मोठा असतो. या गाडीची नोंदणी बऱ्याच वर्षांपूर्वी रीतसर रद्द झालेली होती. २०२१ च्या नियमांनंतर गाड्या मोडीत काढण्याचे काम नोंदणीकृत केंद्रांकडे गेले आहे, त्यामुळे अलीकडे निकामी झालेल्या गाडीच्या बाबतीत तर कागद पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

पाहणीसाठी दुकानाने मला एक संपूर्ण सकाळ दिली आणि मध्ये कोणीही घाई केली नाही. अशा गाडीत प्रथम रबरी चटया उचलून जमीन पाहावी, कारण आतील सामानाची खरी अवस्था तिथेच कळते. पुढच्या काचेचे रबर सुकले की पावसाचे पाणी डॅशबोर्डाच्या मागून उतरते, चटईखालचा नमदा ते शोषून धरतो आणि वरून काहीही न दिसता पत्रा खालून गळत जातो. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत तर हे फार लवकर होते. या गाडीची चालकाच्या बाजूची जमीन बोटाने दाबली तरी आत जात होती. त्यावरून दोन गोष्टी उघड झाल्या. ही गाडी वाचवण्यासारखी राहिलेली नाही, हे मनाला पटले; मला ते पटणे गरजेचे होते, कारण उभी राहू शकणारी फियाट माझ्या सामानासाठी तोडली जावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. आणि पुढच्या बैठकीचे रूळ व त्यांचे बोल्ट गंजून बसलेले असणार, हेही कळले. चाचांनी त्याच दुपारी सर्व बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले आणि रात्रभर मुरू दिले. दुसऱ्या दिवशी सहापैकी पाच बोल्ट पान्याने निघाले. सहावा तुटला, पण रूळ वाकला नाही.

या फियाटचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे पुढे अखंड बाक बसू शकतो, आणि ते बाकच मला सर्वांत जास्त हवे होते. माझ्या गाडीत मागच्या मालकांनी नव्हे, आमच्याच घरातल्यांनी नव्वदच्या दशकात ते काढून दोन सुटी आसने बसवली होती, आणि त्या निर्णयाची मला आजही हळहळ वाटते. तोडीच्या गाडीतील बाकावर आणि मागच्या बैठकीवर एकावर एक दोन कव्हरे चढवलेली होती. चाचांनी ती ओढून काढायला नकार दिला. ब्लेडने एकेक टाका उसवत त्यांनी वरचे कव्हर काढले, मग त्याखालचे, आणि त्याच्याखाली गाडीचे मूळ रेग्झिन निघाले: गडद लाल रंगाचे, उभ्या घड्यांचे, कडेने बारीक पायपिंग असलेले. पृष्ठभाग कडक झाला होता आणि मधल्या दोन घड्या फाटल्या होत्या, म्हणजे ते पुन्हा वापरण्यासारखे नव्हते. पण त्या क्षणी माझ्या दृष्टीने त्या बैठकीची किंमत दुप्पट झाली. घड्यांची रुंदी किती, पायपिंग कोणत्या शिवणीत अडकवले आहे, बाजूच्या पट्टीचे वळण कुठे सुरू होते, ही माहिती कोणत्याही छायाचित्रावरून मिळत नाही. आम्ही ते रेग्झिन न फाडता त्याच्या सर्व शिवणी उसवल्या, प्रत्येक तुकड्याच्या मागे मार्करने क्रमांक आणि दिशा लिहिली, आणि तुकडे सपाट वर्तमानपत्रांत गुंडाळले. आता गादीकाम करणाऱ्या कारागिराला त्यांचा फर्मा म्हणून उपयोग होतो आहे. येथे एक काळजी घ्यावी लागते: जुने रेग्झिन वर्षानुवर्षांच्या उन्हाने आक्रसते, म्हणून तुकड्याच्या मापावर डोळे झाकून विसंबता येत नाही, सांगाड्याचे माप वेगळे घेऊन दोन्हींचा मेळ घालावा आणि शिलाईसाठी माया थोडी जास्त ठेवावी.

रेग्झिनच्या खाली काथ्याचा थर, त्याखाली गोणपाट आणि त्याखाली गुंडाळीच्या स्प्रिंगा अशी त्या बैठकीची रचना होती. काथ्यात उंदरांनी घर केले होते. अशा कामाला जाताना जाड हातमोजे आणि तोंडावर फडके असलेच पाहिजे, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन ठेवलेले बरे, कारण गंजलेला पत्रा आणि काचेचे तुकडे यांच्यामध्ये दोन दिवस हात घालायचे असतात. दुकानाकडे हातमोजे नव्हते. आपले आपण न्यावेत. काथ्या आणि गोणपाट आम्ही तिथेच टाकून दिले. स्प्रिंगांपैकी चार तुटलेल्या होत्या, पण कडेची जाड तार आणि संपूर्ण चौकट सरळ होती, आणि मला चौकटच हवी होती. स्प्रिंगा नव्या बनवून घेता येतात. चौकटीचा कोन चुकला तर बाक कायमचे तिरके बसते.

छताच्या अस्तराच्या बाबतीत मला चाचांकडून खूप शिकायला मिळाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की अस्तर छताला चिकटवलेले असते. प्रत्यक्षात ते आडव्या पोलादी तारांवर शिवलेल्या नळ्यांतून ओवलेले असते. तारांची टोके छताच्या दोन्ही कडांतील भोकांत बसतात आणि कापडाची पुढची व मागची कड काचांच्या रबराखाली दुमडून चिकटवलेली असते. म्हणजे अस्तर न फाडता काढायचे तर आधी पुढची आणि मागची काच काढावी लागते. चाचांनी रबराची बाहेरची ओठी सुरीने कापून काच आतून दोन्ही हातांनी हळूहळू ढकलली. रबर नवे मिळते आणि काच मिळताना अडचण येते, म्हणून कापायचे ते रबर, हा त्यांचा हिशेब अगदी योग्य होता. त्यानंतर त्यांनी प्रत्येक तारेला पुढून मागे असा क्रमांक दिला आणि डाव्या टोकाला दोऱ्याची गाठ मारली. सर्व तारा सारख्याच दिसतात, पण प्रत्येकीची लांबी आणि कमान किंचित वेगळी असते. क्रम चुकला तर नवे कापड कितीही चांगले असो, छताला सुरकुत्या पडतात आणि त्या कशानेही जात नाहीत. माझ्या गाडीत पूर्वी एका गॅरेजने हे अस्तर बदलले होते आणि दोन तारा परत बसवल्याच नव्हत्या. छत मधोमध लोंबत असे त्याचे कारण मला एवढ्या वर्षांनी कळले.

दरवाजांचे पॅड जाड पुठ्ठ्याच्या फळीवर रेग्झिन लावून बनवलेले असतात आणि पत्र्यातील भोकांत क्लिपांनी अडकतात. पेचकसाने उचकटले की क्लिप जागेवर राहते आणि पुठ्ठ्याचा लगदा तिच्याभोवती तुटतो. चाचांनी यासाठी रंगाऱ्याची लांबी (पुट्टी) भरण्याची रुंद पट्टी वापरली. क्लिप चाचपून नेमकी तिच्याजवळ पट्टी सरकवायची आणि अलगद पीळ द्यायचा. चारपैकी तीन पॅड शाबूत निघाले. चौथ्याचा खालचा भाग आधीच पाण्याने फुगलेला होता. काचांची हँडले काढताना मागची चकती आत दाबून तिथली अडकवण सोडवावी लागते. ही हँडले मझाक या जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची, वर क्रोमचा मुलामा दिलेली असतात, आणि जोर लावला तर मानेपाशी तुटतात. त्यांवर खड्डे पडलेले असतील तर पुन्हा मुलामा देऊनही ती कधीच मूळ रूपात येत नाहीत, म्हणून निवडताना ऊन पडलेल्या जागी नेऊन बारकाईने पाहावीत. तिकोनी काचांच्या चौकटी, आतील आरसा, सूर्यपट्ट्या, राखदाणी आणि हातपेटीचे झाकण विनातक्रार निघाले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता तक्रारी. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी निघालो तेव्हा डॅशबोर्ड अजून गाडीत होता आणि मीटरमागची संपूर्ण वायरिंग जागेवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर दुकानातील दुसऱ्या एका कामगाराने तांब्यासाठी ती मधोमध पकडीने कापून नेलेली होती. वायरींचा तो जुडगा मला संपूर्ण हवा होता, हे ठरलेले होते. प्रत्येक शाखेची लांबी, रंग आणि जोड ही त्याची खरी किंमत असते, आणि कापल्यावर तो फक्त तांबे उरतो. त्याच ओढाताणीत स्पीडोमीटरची केबल तिची आटे असलेली कडी न सोडवता खेचली गेली आणि मीटरच्या मागची बाजू चिरली. मालकांनी चूक मान्य केली आणि मीटर व वायरिंग यांचे पैसे घेतले नाहीत. त्यांचे हे वागणे सरळ होते, पण पैसे परत मिळाल्याने मीटर परत मिळत नाही, आणि त्या गाडीतील तेच एक मीटर होते. जबाबदार व्यक्तीने त्या रात्री गाडीवर खडूने "विकली" एवढे लिहिले असते तरी हे टळले असते.

दुसरी तक्रार लहान वाटेल, पण ज्याने कधी जुनी गाडी पुन्हा जोडली आहे त्याला तिचे महत्त्व लगेच कळेल. मी प्रत्येक भागाचे स्क्रू, वायसर आणि क्लिपा वेगळ्या पिशवीत घालून चिकटपट्टीवर नावे लिहिली होती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जागा मोकळी करण्यासाठी कोणीतरी त्यांतील काही पिशव्या एका डब्यात ओतल्या, आणि त्या डब्यात दुसऱ्याच गाडीचे स्क्रू आधीच होते. ते वेगळे करायला मला घरी तीन रविवार लागले आणि दरवाजाच्या पट्टीचे काही मूळ स्क्रू अखेरपर्यंत सापडले नाहीत. या दुकानात सामान ठेवायला झाकणाचे खोके किंवा कुलूप लावता येईल असे कपाट नाही. गिऱ्हाइकाने स्वतःचे खोके न्यावेत आणि जेवायला जातानाही ते आपल्या गाडीत ठेवून जावे, हा सल्ला मी आग्रहाने देईन.

किमतीबद्दल सांगायचे तर दोन्ही बैठका, तीन पॅड, अस्तराच्या तारा, चारही दरवाजांची हँडले, तिकोनी काचा आणि किरकोळ सामान मिळून मी अठरा हजार रुपये दिले, आणि दोन दिवसांच्या उतरवणीची मजुरी म्हणून चाचा आणि त्यांच्या मदतनिसाला वेगळे साडेतीन हजार दिले. सामानाची किंमत थोडी जास्त वाटू शकेल. मजुरी मात्र मला कमीच वाटली, आणि मी ती विचारलेल्यापेक्षा वाढवूनच दिली. हेच सामान वेगवेगळ्या ठिकाणी सुटे शोधले असते तर एक हँडल ऑपेरा हाउसच्या बाजारात, एक चोर बाजारात आणि एक पुण्याच्या नाना पेठेत असे मिळाले असते, आणि तिन्हींचा मुलामा वेगळा दिसला असता. एकाच गाडीतून उतरवलेल्या वस्तूंचा एकसारखा जुनेपणा हा या सेवेचा मोठा लाभ आहे. बिल मात्र "जुने सामान" एवढ्या दोन शब्दांचे मिळाले. मी त्याच्या मागे सामानाची यादी स्वतः लिहून मालकांची सही घेतली, आणि त्यांनी ती आनंदाने दिली.

सेवेच्या वेळेविषयीही लिहायला हवे. पावसाळ्यात येथे जाऊ नये. अंगणावर छप्पर अर्धेच आहे, आणि काचा काढलेल्या गाडीत पाणी शिरले तर उरलेले पॅड एका रात्रीत फुगतात. माझे काम फेब्रुवारीत झाले हे माझे नशीब. शनिवार-रविवारी तोडीसाठी बऱ्याच गाड्या येतात आणि चाचांना दुसऱ्या कामावर बोलावले जाते, म्हणून मंगळवार-बुधवार असे सलग दोन दिवस मागून घ्यावेत आणि ते एकाच माणसाच्या हाताखाली होतील हे आधी पक्के करावे. सोबत स्वतःचे पेचकस, रिंग पाने, क्रमांक लिहायला मार्कर, चिकटपट्टी, खोकी आणि छायाचित्रांसाठी भरपूर जागा असलेला फोन न्यावा. मी दोन दिवसांत साडेतीनशेच्या वर छायाचित्रे घेतली आणि त्यांतील एकही वाया गेलेले नाही. बाकाच्या मागच्या बाजूचे रेग्झिन चौकटीला कोणत्या बाजूने गुंडाळायचे हा वाद कारागिराशी झाला, तेव्हा तो एका छायाचित्राने मिटला.

माझ्या गाडीला २०२८ मध्ये पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे होतील, आणि २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. बैठकीच्या घड्या किती रुंद आहेत हे तिथे कोणी तपासणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या गाडीत मी लहानपणी मागच्या बैठकीवर उभे राहून वडिलांच्या खांद्यावरून रस्ता पाहत असे, ती गाडी आतूनही तशीच दिसावी, यासाठी हा खर्च आणि हा शोध मला पूर्णपणे योग्य वाटतो.

या दुकानाकडे मी पुन्हा जाईन का, याचे उत्तर होकारार्थी आहे, पण चाचा हजर असतील तरच. आणि गाडीवर खडूने नाव मी स्वतः लिहीन. कामाचे कौशल्य येथे उत्तम आहे, कागदपत्रांत प्रामाणिकपणा आहे, आणि चूक झाली तर ती मान्य करण्याची तयारी आहे. उतरवलेले सामान रात्रभर आणि सुट्टीत सांभाळण्याची व्यवस्था मात्र नाही, आणि ती मालकांनी थोड्या खर्चात उभी केली तर जुन्या गाड्या जपणाऱ्या कितीतरी लोकांचा ओढा त्यांच्याकडे वळेल.

पुढचे बाक गेल्या आठवड्यात गादीकाम करणाऱ्याकडून परत आले आहे. घड्या मूळ मापाच्या आहेत, पायपिंग त्याच शिवणीत आहे, आणि रूळावर ते पहिल्याच प्रयत्नात सरळ बसले. छताचे अस्तर पुढच्या महिन्यात चढेल. तारा क्रमाने भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, दोऱ्याच्या गाठी डावीकडे. आता शोध फक्त एका न चिरलेल्या मीटरचा आहे, आणि तशी खासगी गाडी आली की कटर लावण्याआधी मला फोन करण्याचे चाचांनी कबूल केले आहे.